मापाची खोळ

आज कागद-पेन जवळ ठेवा, कारण मी मापं सांगणार आहे. हात पिठाचे असतील तर पोरांना लिहायला बसवा.

आपल्याकडे खोळ हा शब्द जुना आहे. भात लावायला जाताना पोत्याची खोळ डोक्यावर घेतो, उशीला खोळ घालतो, घोंगडीची खोळ करतो. आज ज्या खोळीबद्दल बोलायचं ती पारदर्शक प्लॅस्टिकची, म्हणजे ज्याला दुकानात ‘ट्रान्सपरंट शीट’ म्हणतात, टेबलावर अंथरतात, ती. ती मीटरवर मिळते. तिच्यापासून मिक्सरचं, शिलाई मशीनचं, पेटीचं, शाळेतल्या संगणकाचं, अगदी मापात बसेल असं कव्हर घरच्या मशीनवर शिवता येतं. मागच्या दोन-तीन महिन्यांत चार-पाच गटांनी मला हेच विचारलं, म्हणून आजचा विषय हा.

आधी एक शंका मिटवते, कारण ती प्रत्येक बैठकीत निघते. ‘ताई, प्लॅस्टिकबंदी आहे ना?’ आहे. आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ ला अधिसूचना निघाली, आणि देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. पण बंदी आहे ती पिशव्या, ताटं, पेले, चमचे, स्ट्रॉ असल्या वस्तूंवर. वर्षानुवर्षं वापरायचं जाड कव्हर त्या यादीत नाही. मात्र उरलेल्या तुकड्यांच्या हातात धरायच्या पिशव्या शिवून विकू नका. राज्याच्या नियमात पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिने तुरुंग. गटाची सहा महिन्यांची बचत एका पिशवीपायी जायची.

आता शीट घ्यायला जाऊ. दुकानदार विचारेल, ‘किती एमएम?’ किंवा ‘किती गेज?’ घाबरायचं नाही. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन, आणि एक मायक्रॉन म्हणजे साधारण चार गेज. म्हणजे ०.३ एमएमची शीट झाली ३०० मायक्रॉनची, किंवा १,२०० गेजची. मिक्सर, मशीन, पेटी यांना ०.२ ते ०.३ एमएम बरोबर. त्याहून पातळ घेतली तर टाक्यावरच फाटते. ०.५ एमएमची दिसायला छान, काचेसारखी, पण कोपऱ्यावर दोन-तीन थर एकत्र आले की घरची मशीन कण्हायला लागते.

आता यात फसवणूक कशी होते ते ऐका. ०.३ म्हणून सांगतात आणि ०.२ ची देतात. डोळ्यांना फरक कळत नाही, बोटांना पण नवीन बाईला कळत नाही. पण तराजूला कळतो. या शीटचा पन्हा साधारण ५४ इंच असतो. एवढ्या पन्ह्याची ०.३ एमएमची एक मीटर शीट जवळजवळ अर्धा किलो भरते. ०.२ ची असेल तर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. आमच्या एका गटातल्या वहिनींनी दुकानातून थेट शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर गुंडाळी ठेवली. दहा मीटर घेतली होती, भरली साडेतीन किलो. परत गेल्या. दुकानदार म्हणाला, ‘वहिनी, माल वरूनच असा येतो.’ वहिनी म्हणाल्या, ‘मग दादा, पैसेपण वरच्याच भावाने का घेता?’ बदलून मिळाली. म्हणून सांगते, शीट एकटीने आणायला जाऊ नका, दोघी जा, आणि वजन करून घ्या.

दुसरी गोष्ट, शीट कशाची आहे. ही मऊ, लवचिक, काचेसारखी शीट असते पीव्हीसीची. खतांच्या पिशवीच्या आतली दुधट पिशवी असते ती पॉलिथिनची. ओळखायला जाळून बघायचं नाही. बोटाएवढा तुकडा कापा, साबणाच्या पाण्याचं बोट लावा म्हणजे बुडबुडे धरणार नाहीत, आणि वाटीतल्या पाण्यात आत दाबून सोडा. पीव्हीसी तळाला बसते, पॉलिथिन वर येतं. हे कशाला कळायला हवं, ते पुढे कागदपत्रांच्या वेळी सांगते. ते फार महत्त्वाचं आहे.

आता मिक्सरचं कव्हर करू. माप भांड्यासकट घ्यायचं. समजा मिक्सर ९ इंच रुंद, १० इंच खोल, आणि भांडं-झाकण धरून साडेअठरा इंच उंच आहे. रुंदीला आणि खोलीला एकेक इंच मोकळेपणा द्या. रुंदी झाली १०, खोली ११. उंची अर्धा इंच कमी, १८ धरा, म्हणजे खालून हवा जाईल आणि ओट्यावरच्या पाण्यात कड भिजणार नाही.

या कव्हरचे तुकडे तीनच. एक लांब पट्टा, जो समोरून चढतो, डोक्यावरून जातो आणि मागे उतरतो. त्याची लांबी १८ अधिक ११ अधिक १८, म्हणजे ४७ इंच. रुंदी १०, आणि दोन्ही बाजूंना शिलाईला अर्धा-अर्धा इंच, म्हणजे ११. लिहिलं? पट्टा ४७ बाय ११. मग दोन बाजूचे तुकडे. रुंदी ११ अधिक शिलाईचा १, म्हणजे १२. उंची १८ अधिक वरच्या शिलाईचा अर्धा, म्हणजे साडेअठरा. १२ बाय साडेअठरा, असे दोन. परत सांगते, पट्टा ४७ बाय ११ एक, आणि बाजू १२ बाय साडेअठरा दोन.

५४ इंचाच्या पन्ह्यावर पट्टा आडवा बसतो. त्याच्याखाली दोन्ही बाजू आडव्या शेजारी शेजारी बसतात, ३७ इंचात, आणि कडेला १७ बाय १२ चा तुकडा उरतो. एका कव्हरला शीटची लांबी लागते २३ इंच, दोन कव्हरांना ४६, म्हणजे सव्वा मीटरच्या आत. एकच कव्हर करायला एक मीटर आणाल तर बरीचशी वाया जाईल, म्हणून जोडीने कापा.

खडू या शीटवर उमटत नाही. मार्कर उमटतो पण निघत नाही, शाई आत शिरते. शिंपी साबणाची चिपटी वापरतात तीही चालते. पण सगळ्यात सोपं काय, शीट पारदर्शक आहे! कोऱ्या कागदावर जाड रेघेने आकृती काढा, ती शीटखाली ठेवा आणि वरून बघत कापा. वर्तमानपत्र मात्र ठेवू नका, त्याची शाई प्लॅस्टिकला चिकटते. टाचण्या लावायच्या नाहीत, टाचणीचं भोक जन्मभर राहतं. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. गुंडाळीच्या घड्या पडल्या असतील तर चटईवर पसरून उन्हात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, शीट मऊ पडते. इस्त्री लावू नका. थंडीच्या दिवसांत सकाळी कापायला बसूच नका, शीट कडक असते, दुपारी बसा.

बाजूच्या तुकड्यांचे वरचे दोन कोपरे गोल करा. चार इंच व्यासाची आमटीची वाटी कोपऱ्यावर उपडी ठेवून गोलाई काढा. टोकदार कोपरा ठेवला तर पहिली चीर तिथेच जाते, हे मी पैजेवर सांगते. गोल केल्यामुळे लांब पट्टा थोडा जास्त होतो. म्हणून शिवायला सुरुवात खालून करू नका. पट्ट्याचा मध्य आणि बाजूच्या तुकड्याचा वरचा मध्य जुळवा, तिथून एका अंगाला खाली या, मग परत मध्यावरून दुसऱ्या अंगाला. खाली दोन्ही टोकांना अर्धा-पाऊण इंच जास्त उरेल, ते बरोबरीने कापून टाका. गोलाईवर पट्टा वळत नसेल तर त्याच्या कडेला चार-पाच छोटे टक द्या. टक पाव इंचापेक्षा खोल नको. कापडात टक जरा पुढे गेला तर शिलाईत लपतो, प्लॅस्टिकमध्ये तो चालत सुटतो.

शिलाई बाहेरच्या बाजूला ठेवायची. आत शिवून उलटवायचं म्हटलं तर जाड शीट उलटत नाही, आणि उलटली तर पांढऱ्या रेघा पडतात. त्याऐवजी एक इंची रंगीत कापडी पट्टी घ्या, मधोमध दुमडा, दोन्ही कडा तिच्या आत बसवा आणि एकच शिलाई मारा. यात तीन कामं होतात. कड झाकली जाते, कव्हर दिसायला छान होतं, आणि मशीनचा पाय व खालचे दाते कापडावर चालतात. नुसत्या प्लॅस्टिकवर पाय चिकटतो, पुढे सरकत नाही, आणि एकाच जागी टाके पडून भोक होतं. जिथे पट्टी लावायची नाही तिथे पातळ कोरा कागद किंवा पतंगाचा कागद वर आणि खाली ठेवून शिवा, मग ओढून काढा.

सुई १६ नंबरची, नवी. थर जास्त असतील तिथे १८. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा ओलाव्यात कुजतो. आणि टाका मोठा ठेवा, एका इंचात सहा-सात टाके, त्यापेक्षा जास्त नकोत. कापडाला बारीक टाका म्हणजे मजबूत, इथे नेमकं उलटं आहे. बारीक टाके म्हणजे जवळजवळ भोकं, आणि जवळजवळ भोकं म्हणजे कॅलेंडरचं पान, ओढलं की फाटलं. याच कारणाने उलटी शिलाई मारायची नाही. शेवटी चार-पाच बोटं दोरा सोडा आणि हाताने गाठ मारा. चुकलेली शिलाई उसवली तरी भोकं राहतातच, म्हणून पहिल्यांदा उरलेल्या तुकड्यावर हात बसवा.

काही गटांत मेणबत्तीवर हॅक्सॉचं पातं धरून प्लॅस्टिक चिकटवतात. पापडाच्या पॉलिथिनच्या पिशव्यांना ते चालून जातं, त्यालाही सीलिंग मशीन बरं. पण पीव्हीसीला हे करू नका. ती जास्त तापली की तिच्यातून नाकाडोळ्यांना झोंबणारा आम्लाचा वायू सुटतो. लहान स्वयंपाकघर, दार लावलेलं, मांडीवर तान्हं बाळ, असं दृश्य मी पाहिलं आहे आणि तिथल्या तिथे मेणबत्ती विझवायला लावली आहे. तुकडे चुलीत घालणं तर त्याहून वाईट, त्या धुरात विषारी द्रव्यं तयार होतात आणि तो धूर आपण, आपली सासू, आपली पोरं घेतात. जळण पेटवायला प्लॅस्टिकची सवय खूप घरांत आहे. ती या धंद्यामुळे वाढायला नको. तुकडे एका पोत्यात साठवा आणि भंगारवाल्याला किंवा ग्रामपंचायतीच्या कचरागाडीला द्या. आणि रांगत्या पोराच्या हाती शीट देऊ नका, तोंडावर ओढली तर श्वास कोंडतो.

आता ते कागदपत्रांचं. उरलेल्या तुकड्यांतून बँकेच्या पासबुकाला, रेशनकार्डाला, सातबाऱ्याला कव्हर करावं असं प्रत्येकीच्या मनात येतं. पासबुकाच्या बाहेरच्या पुठ्ठ्याला करा, हरकत नाही. पण छापील किंवा झेरॉक्स कागद थेट पीव्हीसीला लागू देऊ नका. शीट मऊ राहावी म्हणून तिच्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू बाहेर येतं आणि झेरॉक्सची काळी अक्षरं आपल्याकडे ओढून घेतं. एका आजींनी पेन्शनचे कागद अशा कव्हरात चार वर्षं जपून ठेवले होते. उघडले तेव्हा अर्धी अक्षरं कागदावर, अर्धी प्लॅस्टिकवर, आणि ओढताना कागदपण सोलला. फोटोचंही तसंच, लग्नाचा फोटो कायमचा चिकटतो. कागदपत्रांना स्टेशनरीच्या दुकानातल्या पॉलिप्रॉपिलिनच्या फाइली घ्या. त्यांचा तुकडा पाण्यावर तरंगतो, तीच ती वाटीतली परीक्षा. तेही नसेल तर मध्ये कोरा कागद घाला. धान्य, पीठ, लोणचं, भाकरी यांनाही ही मऊ शीट लागू देऊ नका.

कशाला कव्हर करायचं नाही, हेही गिऱ्हाइकाला आपण सांगायला हवं. चालू फ्रिजच्या मागच्या-बाजूच्या अंगाला नको, त्याची उष्णता तिथून बाहेर पडते. इन्व्हर्टर आणि त्याच्या बॅटरीला तर अजिबात नको, चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. मिक्सर नुकताच फिरवला असेल तर थंड झाल्यावर घाला. भजनी मंडळाच्या पेटीला करा, पण आत जुन्या धोतराचं किंवा साडीचं अस्तर द्या, नाहीतर पावसाळ्यात आत घाम धरतो. पखवाजाला माझ्या मते प्लॅस्टिक नकोच, चामड्याला हवा लागते, त्याला कापडी खोळच शोभते. शिलाई मशीनचंही तसंच, खालून उघडं ठेवा, नाहीतर आपणच आपल्या मशीनला गंज आणू. उन्हात राहणाऱ्या वस्तूला, गाडीला वगैरे, ही शीट पिवळी पडून तडकते. ‘आयुष्यभर टिकेल’ असं कोणाला सांगू नका. सावलीत नीट वापरलं तर वर्षं चालेल, एवढं म्हणा. धुवायला कोमट पाणी आणि साबण. रॉकेल, थिनर नको.

आता पैशांवर येते. मी आकडे समजा म्हणून सांगते, तुमच्या बाजारात जो भाव असेल तो घाला. शीट १०० रुपये मीटर. सव्वा मीटरला १२५, त्यात दोन कव्हरं, म्हणजे एका कव्हरची शीट साडेबासष्ट रुपये. कापडी पट्टी, दोन्ही उभ्या शिलायांना ४७ दुणे ९४ इंच आणि खालच्या घेराला ४२ इंच, मिळून १३६ इंच, म्हणजे साडेतीन मीटर, ४ रुपये मीटरने १४ रुपये. दोरा, सुई, कागद यांचे साडेतीन. झाले ८० रुपये. इथे बहुतेकजणी थांबतात. एक ताई मला आनंदाने म्हणाली, ‘शंभरला विकलं, वीस सुटले.’ मी विचारलं, वेळ किती लागला? ‘दीड तास. पण ताई, घरबसल्याच तर केलं, त्याचे काय पैसे धरायचे?’

धरायचे. तो दीड तास तू शेजारणीच्या शेतात खुरपायला गेली असतीस तर शेजारीण फुकट बोलावणार होती का? तासाला ५० धरले तरी दीड तासाचे ७५. मशीनचं तेल, दुरुस्ती यासाठी गटाच्या डब्यात ५. म्हणजे ८० अधिक ७५ अधिक ५, १६० रुपये ही त्या कव्हरची खरी किंमत. हात बसला की तेच काम तासात होतं, मग वाचलेले पैसे तुमचे. शंभरला विकणारी बाई गिऱ्हाइकाला साठ रुपये आपल्या खिशातून देते, आणि तिच्यामुळे बाकीच्या गटांचाही भाव पडतो.

‘पण बाजारात तयार कव्हर स्वस्त मिळतं’, हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. मिळतं. पातळ, आणि ठरावीक मापाचं. त्याच्याशी झुंजायला जाऊ नका. आपलं गिऱ्हाईक वेगळं आहे. ज्याच्याकडे आजोबांची जुनी पेटी आहे, शाळेतला जुना मोठा पडद्याचा संगणक आहे, दूध संकेंद्रातलं फॅट काढायचं यंत्र आहे, देवळातला देव्हारा आहे, पिठाच्या गिरणीचा वजनकाटा आहे. या मापाचं कव्हर बाजारात कुठेच मिळत नाही. तिथे माप घ्यायला घरी जाणारी बाई लागते, आणि ती तुमच्याच गावात बसली आहे. एका गटाने शाळेची बारा कव्हरं केली. त्यांनी आधी एकच नमुना करून मुख्याध्यापकांना दाखवला, माप कागदावर लिहून त्यांची सही घेतली आणि अर्धे पैसे आधी घेतले. मग शीट एकदम आणली, घाऊक भावाने. हा क्रम मला फार आवडला. उधारीवर शीट आणून मग गिऱ्हाईक शोधत फिरणं मला पसंत नाही, आणि त्यासाठी गटातून कर्ज काढायला कोणी आली तर मी बैठकीत विरोध करते, हे सगळ्यांना माहीत आहे. घरात मशीन आहे, कात्री आहे, टेप आहे. पहिल्या दोन कव्हरांना सव्वा मीटर शीट पुरे, तेवढे पैसे बचतीतूनच निघतात.

ज्यांना शिकायचं आहे त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला येताना टेप, कात्री आणि कोरे मोठे कागद आणा. घरातल्या एका वस्तूची रुंदी, खोली, उंची लिहून आणा, जिचं माप बाजारात मिळत नाही अशी वस्तू निवडा. शीट अजून आणू नका. पहिलं कव्हर आपण कागदाचंच करू, चिमटे लावून वस्तूवर बसवून बघू, आणि बसलं तर मग दोघीजणी तालुक्याला जातील. जाताना किराणावाल्याच्या काट्याची आठवण ठेवा.